भिंतीवरचा डाग

“तेल काठाकाठानं सोड, सुभद्रे. वातीवर नोको घालू. वात बुडली त घर बुडलं समज.”

सासूबाईंना जाऊन पुष्कळ नवरात्रं झाली, पण घटापुढे तेलाची झारी हातात घेतली की त्यांचा आवाज कानाशी येतोच. त्या पंचमीच्या पहाटे मात्र झारी हातात घेण्याआधीच आला. मी न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून हॉलमध्ये पाऊल टाकलं, तर अंधार. अखंड दिवा विझला होता. तेल वातीच्या वर चढून, काठावरून ओसंडून चौरंगावर आलं होतं आणि तिथून घटाच्या मातीत उतरलं होतं. गव्हाचे कोवळे कोंब तेलकट होऊन आडवे पडले होते.

हे खुर्चीतच बसले होते.

“तुमी तेल घातलं का?”

“हो. तू न्हाणीत होती म्हनून घातलं. काऊन?”

“दिवा गेला हो.”

“गेला?” मान थोडी वाकडी करून ते दिव्याच्या दिशेनं बघत राहिले. “आत्ता त होता.”

मी काडेपेटी घेतली. दोन काड्या वाया गेल्या, तिसरी लागली. देवीपुढे नाक घासलं आणि दसऱ्यापर्यंत उपासाचंही अळणीच खाईन असं मनातल्या मनात बोलले. यांना सांगितलं नाही. नवस बोलून दाखवला की हलका होतो.

भीती वाटायला कारण होतं. त्या दसऱ्याला आमचा आदिलाबाद जिल्हा तुटणार होता. एकाचे चार. निर्मल वेगळं, बेल्लमपल्लीकडचे लोक मंचेरियालात, डोंगरापलीकडचे आसिफाबादेत. बोथ, तामसी आमच्याकडे राहणार होते. माणसांचीही तशीच वाटणी झाली होती. ज्याच्या नावापुढे जे गाव आलं तिथं त्यानं दसऱ्याला हजर व्हायचं. यांच्या नावापुढे आसिफाबाद आलं होतं.

हे सरकारी कचेरीत जीपचे ड्रायव्हर. चिंतामणी ड्रायव्हर म्हटलं की कलेक्टर कचेरीपासून बसस्टँडपर्यंत कोणीही घर दाखवील. लग्न होऊन मी आले तेव्हापासून यांचं जगणं त्या स्टिअरिंगमागे चाललेलं. साहेब बदलले, जिपा बदलल्या, हे तिथंच. बोलणं कमी, हॉर्न त्याहून कमी. गाईगुरं रस्त्यात बसली तर हे गाडी थांबवून खाली उतरत, हातानं उठवत. साहेब लोक चिडायचे. हे म्हणायचे, “तिले काय माहीत साहेब, तुमाले मीटिंग हाय म्हनून.”

दसऱ्याच्या सकाळी साहेबांना आणि कचेरीतल्या चार माणसांना घेऊन हेच जाणार होते. उटनूर, जैनूर आणि पुढे केरामेरीचा घाट. ऐन त्याच आठवड्यात दिवा विझलेला. मी अजून काय समजायचं होतं?

त्याच संध्याकाळी हे म्हणाले, “चाल, बाजारात जाऊ. तुले मशीन घेऊन देतो.”

“कसली मशीन?”

“ते भिंतीवर शिनेमा दाखोते ते. मी तिकडं गेल्यावर एकटी बसून काय करशील? आरत्या, कीर्तनं मोठ्ठी पाह्यजो. आपला टीव्ही काही कामाचा नाई राह्यला. त्यात मानसाइचे तोंडंच दिसत नाई.”

टीव्ही मला तर बरा दिसत होता. पण यंत्रांतलं यांनाच कळतं, असं मी जन्मभर धरून चालले आहे. मिक्सर घरघरला तरी हे नुसतं ऐकून सांगत, बेअरिंग गेलं. मी उठले, पदर सारखा केला.

दुकानात तामसीचा डोमाजी कामाला होता. बडबड्या माणूस, पण गोड. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत पडदा लावून त्यानं एकेक यंत्र दाखवायला घेतलं.

“काकू, काका घरात थेटर काढून राह्यले काय? तिकिटं ठेवसान न? मले फुकट सोडजा बरं.”

“तू पयले दाखव तरी,” हे म्हणाले.

पहिलं यंत्र लागलं. झाडं, नदी, एक बाई पाणी भरते आहे. माझे तर डोळे निवले.

“याच्यात मधात डाग हाय,” हे म्हणाले.

डोमाजीनं पडद्याजवळ जाऊन पाहिलं. “कुठं काका?”

“मधात. धुरकट. त्या बाईच्या तोंडावरच हाय ना.”

त्यानं दुसरं लावलं. “हेच्यात बी हाय,” हे म्हणाले. तिसरं सगळ्यांत जास्त उजेडाचं होतं, चित्र पडदा सोडून भिंतीवर सांडत होतं. हे पुढे सरकून बसले, मान एकीकडे कलती केली, मागे टेकले. “हेच्यात कमी वाटते. मोठं हाय ना चित्र. हेच दे.”

“पडद्यालेच काही लागलं असंन,” डोमाजी म्हणाला. “गिऱ्हाईक हात लावतात ना.”

मला कुठेच डाग दिसला नव्हता. पण माझा दिवसभराचा उपास, त्यात मन पहाटेच्या दिव्यापाशी अडकलेलं. वाटलं, आपलंच लक्ष नाही.

येताना स्कूटरवर मी मागे, मांडीवर यंत्राचं खोकं. हनुमान मंदिराच्या वळणावर बतुकम्माच्या सणाची फुलं डोक्यावर घेऊन एक पोरगी समोरून येत होती. चांगली समोरून, दिव्याच्या उजेडात. यांनी ब्रेक दाबला तो इतका उशिरा की तिच्या पाटीतली फुलं माझ्या अंगावर पडली. ती तेलुगूत काहीतरी ओरडून गेली.

“कुठून आली हे?” यांनी विचारलं.

“समोरूनच तर आली.”

यांनी घर येईपर्यंत स्कूटर बैलगाडीच्या चालीनं चालवली.

अष्टमीला सकाळी डोमाजी यंत्र बसवायला आला. तेव्हा जागेवरून वाद सुरू झाला.

आमचा हॉल लांबोडका. पूर्वेच्या भिंतीशी घट मांडलेला. समोरची पश्चिमेची भिंत मोकळी, पांढरी. डोमाजीनं हातानं माप घेतलं आणि सांगितलं, चित्र जितकं मोठं पाहिजे तितकं यंत्र लांब न्यावं लागतं. म्हणजे पूर्वेला, छताला, नेमकं घटाच्या वर.

“देवीच्या डोक्यावर यंत्र टांगायचं नाही,” मी म्हटलं.

“मंग घट घटकाभर इकडं सरकवा ना काकू.”

“घट बसला की दसऱ्यापर्यंत तसूभर हलत नाही रे बाबा.”

“मंग मी डोक्यावर मशीन घेऊन उभा राह्यतो दसऱ्यापावतर. माह्यं बी नवरात्र होईन.”

हे हसले. मीही हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू. शेवटी घटाच्या बाजूला लोखंडी कपाट होतं, त्याच्यावर यंत्र ठेवायचं ठरलं. खिडक्यांना चादरी लावल्या. यंत्र कपाटावर एका बाजूला असल्यामुळे चित्र तिरकं पडलं, पतंगासारखं. डोमाजीनं बटणं दाबून ते चौकोनी केलं. पंख्याचं पातं मध्ये येऊन सावली पाडत होतं, तर पुस्तकांचा गठ्ठा यंत्राखाली सारून ते उंच केलं. मग भिंतभर समुद्र पसरला. आदिलाबादच्या आमच्या घरात लाटा आल्या. मी नकळत पाय वर घेतले.

“कसं काका?”

“चांगलं हाय. पन मधात डाग हायच.”

डोमाजीनं काच पुसली. “आता?”

“हाय.”

“भिंतीले ओल असंन.”

मी फडकं घेऊन गेले. भिंत कोरडी होती. तरी मधोमध पुसली, चांगली जोर लावून. यांनी मान हलवली. मग डोमाजीनं यंत्र उचलून तोंड उत्तरेच्या भिंतीकडे केलं, तिथलं कॅलेंडर काढलं. समुद्र त्या भिंतीवर गेला.

“डाग?”

“तिकडं बी गेला,” हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “चित्राच्या मागं मागं चाल्ला.”

डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. त्यानं चित्र बंद करून नुसता पांढरा उजेड सोडला. भिंत दुधासारखी झाली. त्याच्यात केसभरही काळं नव्हतं.

“काकू, जरा भिंतीपाशी उभ्या राह्यता काय,” तो हळूच म्हणाला.

मी जाऊन उभी राहिले. उजेडानं डोळे दिपले. यांची खुर्ची समोर होती, पण मला त्यांचा फक्त आकार कळत होता. मी वाट पाहत होते, हे काहीतरी बोलतील म्हणून.

“सुभद्रा,” हे म्हणाले. “सरक ना मधात. कुठं उभी हायस?”

“मधातच तर आहे.”

“तुझं लुगडं दिसते. पायाखालची फरशी दिसते. वरतं...” ते थांबले. “बोलत राह्य जराशी.”

तोंडात आलं ते देवीचं नाव. मी तेच म्हणत राहिले, हळू आवाजात, आणि त्या आवाजाच्या धाग्यानं यांनी मान कलती केली. थोडी डावीकडे, थोडी वर. मग त्यांचा श्वास सुटला.

“आता दिसली,” ते म्हणाले.

गेले कित्येक महिने मी या मानेला तीळतेल चोळत होते. गाडी चालवून मान धरली असेल म्हणून. पंचमीच्या पहाटे दिवा कसा बुडाला तेही त्या उजेडात उभ्या उभ्या मला कळलं. ज्योतीकडे सरळ पाहून तेल घातलं होतं यांनी. देवी रागावली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं. रागावलेल्या देवीला नवस बोलता येतो.

डोमाजी वायरी गुंडाळू लागला. “काका, एकदा डोये दाखवून घ्या न. नागपूरले चांगले...”

“डोयाचं तू नोको सांगू. मशीन खराब दिली. बदलून आन.”

“आनतो काका,” तो म्हणाला. “बदलून आनतो.” जाताना त्यानं माझ्या पायांना हात लावला.

चादरी काढायला मी खिडकीशी गेले. पाठमोरीच विचारलं, कारण तोंडावर विचारायची माझी छाती नव्हती.

“रस्त्यावर बी असते का?”

“काय?”

“डाग.”

मग हे म्हणाले, “कडेनं पाह्यतो ना मी. कडेनं सारं दिसते. झाडं, दगड, पांढरी पट्टी. मानूस समोर आला की जाते, मंग येते. मले सवय झाली.”

मागच्या महिन्यात जिपेचा आरसा फुटला होता. बैल आडवा आला म्हणाले होते.

“घाटात वळण सरळ समोरच येते ना हो?”

“तू घाटाचं मले नोको शिकवू!” असा आवाज त्यांनी माझ्यावर कधी चढवला नव्हता. मग तोच आवाज खाली आला. “कोनाले सांगू नोको. हे बदलीबिदलीचं होऊ दे. आत्ता कळलं त मले कुठं बी टाकतीन. स्टुलावर बसवतीन कचेरीच्या दारात. नव्या गावात, नव्या मानसाइत. चिंतामनीले दिसत नाई म्हनतीन.”

मी देवीपुढे बसून जप करू लागले, पण मण्यावरचं बोट पुढे सरकेना.

संध्याकाळी यांच्या कचेरीतली आशाबाई ओटी भरायला आली. टाइपिस्ट आहे. तिचंही नाव आसिफाबादेत निघालेलं. कडेवर तिचं तान्हं, नुकतंच मान धरू लागलेलं. मी तिला कुंकू लावलं, बाळाच्या कपाळावरही बोट टेकवलं.

“काकू, माह्या सासूबाई लय भेवून राह्यल्या होत्या,” ती म्हणाली. “लेकराले घेऊन घाटातून जाशील काऊन म्हणे. मी म्हनलं, चिंतामणकाका चालवनार हायत. काका असल्यावर मले घाटाचं भ्या नाई. मी त निजून जातो पुढच्या सीटवर.”

हे खुर्चीत बसले होते. बाळाकडे बघत होते, पण मान वळवलेली, जसं काही त्याच्या पलीकडे कोणी उभं आहे.

“काका, घ्या ना याले. तुमाले ओळखते तो.”

यांनी दोन्ही हात पुढे केले. आशाबाईनं लेकरू ठेवलं. यांनी त्याला छातीशी घट्ट धरलं आणि बोटांनी त्याचा चेहरा चाचपला. नाक, गाल, हनुवटी. बाळ हसलं. यांना दिसलं की नाही मला माहीत नाही.

“कोनासारखा हाय काका?” आशाबाईनं विचारलं.

“आईसारखा,” हे म्हणाले, आणि लेकरू परत दिलं.

ती गेल्यावर दारात कडी लावून मी वळले तर हे उभे होते, घटापुढे. मी जवळ गेले. जन्मात यांना आडवी गेले नव्हते.

“मी कोनाला सांगणार नाही,” मी म्हटलं. “देवीची शपथ. माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही. पण तुमी सांगा.”

“सुभद्रा...”

“तुमीच सांगा. दुसऱ्या कोणी सांगितलं तर ते तुमाला बसवतील. तुमी सांगितलं तर तुमी उतरले असं होईल.”

दिव्याची ज्योत हलली, त्यांची सावली भिंतीवर हलली.

“उद्या खांडेनवमी,” ते म्हणाले. “साहेबाच्या बंगल्यावर जीपची पूजा हाय.”

मला माहीत होतं ते. आमच्या ड्रायव्हर लोकांत खांडेनवमीला ज्याच्या हातानं गाडीला हार चढतो, ज्याच्या हातानं चाकाखाली लिंबू जातं, ती गाडी वर्षभर त्याची. मध्येच हात बदलला तर गाडी रुसते म्हणतात. पूजा झाली की बोलायची वेळ गेली.

“पूजेच्या आधी सांगतो,” हे म्हणाले. “लिंबू ठेवाच्या आधी. वचन देतो तुले.”

त्यांनी हात पुढे केला. तो माझ्या हातापासून बाजूला पडला. मी माझा हात तिकडे नेऊन धरला.

सकाळी मी अंधारातच उठले. पूजेची पिशवी दर वर्षी मीच भरून देते. झेंडूचा हार रात्रीच ओवला होता. लिंबं, नारळ, हळदकुंकवाची पुडी, उदबत्ती. भरताना मनात एकच, हे बोलतील ना. की जिपेवर हात ठेवला, तो ओळखीचा तापलेला पत्रा लागला, साहेबांनी “चला चिंतामणी, मुहूर्त टळतो” म्हटलं, की जीभ मागे जाईल? पुरुषाची जीभ कुठे अडकते, ते बाईला चांगलं माहीत असतं. पण शपथ घेतली होती. मला घरातच थांबायचं होतं.

हे पांढरा ड्रेस घालून आले. इस्त्रीचा. शर्टाचं वरचं बटण खालच्या काज्यात लागलं होतं. मी पुढे होऊन नीट लावलं. त्यांनी लावू दिलं.

“पिशवीत दुसरा नारळ बी टाक,” ते म्हणाले.

“दुसरा कशाला?”

“महिपत ड्रायव्हर नवीन पोरगं हाय. त्यानं घरून काही आनलं नसंन. त्याच्या हातानं होऊ दे पूजा. त्याले माहीत नाई आधी कोनत्या चाकाखाली लिंबू ठेवतात ते. मी सांगीन.”

मी दुसरा नारळ टाकला. जड झाली पिशवी. मी स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढायला गेले तर म्हणाले, “राहू दे. पायी जातो.”

“लांब आहे हो बंगला.”

“असू दे. तेवढ्यात शब्द जुळतीन.”

शेजारचे चंपतराव दारातल्या ट्रॅक्टरला पाणी मारत होते. “काय चिंतामणराव, आज पायदळ? गाडीवाले तुमी अन् पायदळ?”

“हो बाप्पा,” हे म्हणाले. “पाह्यतो जमते का.”

फाटक उघडून ते रस्त्याला लागले. कडेकडेनं, पिशवी उजव्या हातात, जिपेची किल्ली डाव्या मुठीत. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. त्यांचे ओठ हलत होते. पहिल्यांदा मला वाटलं, देवीचं नाव घेताहेत. मग वारा इकडे आला, तेव्हा ऐकू आलं.

“साहेब,” ते म्हणत होते. थांबत होते. पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते, “साहेब, मले...”